पहिला आकडा

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी लेक शाळेतून आली ती गप्पच. दप्तर दाराशी टाकलं आणि बूटही न काढता पलंगावर आडवी झाली. कपाळाला हात लावला तर चटका. दहा वर्षांची आहे, वर्गात निम्मी मुलं खोकतायत, सकाळपासून घसा दुखतोय म्हणून तिची कुरकुर चालू होती. म्हणजे गूढ असं काही नव्हतंच. थर्मामीटर काखेत लावला. बीप वाजली. १०१.२. मी तो खिडकीपाशी नेला, उजेडात आकडा वेगळा दिसेल अशा आशेने, आणि बटण दाबून पुसून टाकत म्हटलं, "परत एकदा लावू या? तू आत्ताच उन्हातून आलीस." तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाली, "नको, बाबा. पहिला आकडाच खरा असतो."

ताप दोन दिवसांत उतरला. घसा बरा झाला. ती शाळेत जायला लागली. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य अडकून बसलं, कारण ते तिचं नाही. ते मला एका सिस्टरने फोनवर सुनावलं होतं, साडेचार वर्षांपूर्वी, मध्यरात्र उलटून गेल्यावर. फोन स्पीकरवर होता. लेक तेव्हा साडेपाच वर्षांची होती आणि मी समजत होतो की तिला त्या दिवसांतलं काही आठवत नाही.

पाय दुखतात म्हणायची तेव्हा. वाढत्या वयात दुखतात, असं सगळ्यांनी सांगितलं. नडगीवर निळे डाग दिसले, आम्ही म्हटलं पडली असेल. मग ओठ पांढरे पडले आणि जिना चढताना ती मध्येच बसायला लागली. पुढचं सगळं इतक्या वेगाने झालं की रक्ताचा पहिला रिपोर्ट आणि वॉर्डातली पहिली रात्र यांच्यामध्ये काय घडलं ते मला आजही सलग सांगता येत नाही. एएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा, आणि नीट, पूर्ण उपचार मिळाले तर दहातली जवळपास नऊ मुलं ज्यातून बरी होतात असा. तिच्या डॉक्टर मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिची आई नऊ मुलं धरून बसली, मी दहावं.

पहिल्या आठवड्यात मॅडमच्या चेहऱ्यावरची काळजी मला कळायचीच नाही. औषध लागू पडेल ना, असं आम्ही विचारत होतो आणि त्यांना धास्ती होती ते फार पटकन लागू पडण्याची. लाखो पेशी एकदम फुटल्या की त्यांच्या पोटातलं पोटॅशियम, फॉस्फेट सगळं रक्तात उतरतं, युरिक ॲसिड चढतं, मूत्रपिंडं चोंदतात, हृदयाचा ठेका बिघडतो. म्हणून सलाईन अखंड चालू, दर सहा तासांनी रक्त, आणि लघवीचा हिशोब. तो माझ्याकडे होता. प्लॅस्टिकचा मापाचा मग, त्याच्यावरच्या अर्धवट पुसलेल्या रेघा, रात्री अडीचला नाइटलॅम्पच्या उजेडात तो डोळ्यांसमोर धरायचा आणि वहीत लिहायचं: २.३५, १८० मिली. मी आयुष्यात इतका प्रामाणिक हिशोब कुठलाच ठेवलेला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे वेळ लिहायची वेळ आली तेव्हा मी काय केलं ते सांगायचं आहे.

चौथा आठवडा संपताना बोन मॅरो पुन्हा तपासला. एमआरडी निगेटिव्ह. दहा हजार पेशींत आजाराची एकसुद्धा सापडली नाही. मी मॅडमना विचारलं, मग आता? त्या म्हणाल्या, "आता अजून दोन वर्षांहून थोडं जास्त."

शत्रू दिसत नाही आणि लढाई दोन वर्षं, हे माझ्या पचनी पडेना. वॉर्डातल्या खुर्चीत झोप लागत नाही, म्हणून मी वाचायला लागलो. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी १९४७च्या अखेरीस अशाच मुलांना अमिनोप्टेरिन द्यायला सुरुवात केली. त्याआधी फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं होतं, तर आजार उलट भडकल्यासारखा वाटला. मग त्यांनी बरोबर विरुद्ध गुणाचं औषध घेतलं, जे लेडर्लेच्या प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या मंडळींनी बनवलं होतं. १९४८मध्ये निष्कर्ष छापून आले: १६ मुलांपैकी १० सुधारली. पण ती सुधारणा काही महिन्यांपुरती होती, आजार परत आला. दिसेनासा होणं आणि नसणं यांतला फरक त्या मुलांनी शिकवला. १९६२मध्ये सेंट ज्यूड रुग्णालय उघडलं तेव्हा तिथल्या डोनल्ड पिंकेल यांनी सगळी औषधं एकत्र करून, मेंदूभोवतीच्या पाण्यात दडणाऱ्या पेशींचा वेगळा बंदोबस्त करून, वर दोन-तीन वर्षं चिवटपणे औषध चालू ठेवायचं असं ठरवलं, आणि त्या दशकाच्या शेवटी निम्म्याच्या आसपास मुलं खरोखर बरी व्हायला लागली. त्यासाठी डोक्याला रेडिएशन द्यायचे. मुलं वाचली, मोठी झाली, आणि मग काहींची उंची खुंटलेली, काहींना अभ्यास झेपत नाही असं लक्षात यायला लागलं. म्हणून आता बहुतेक मुलांना ते देत नाहीत. त्याऐवजी पाठीतून इंजेक्शनं. माझ्या लेकीच्या पाठीत वीसेक वेळा सुई गेली ती या हिशोबाने. रात्री तीनला हे वाचून मला बरं वाटलं की वाईट, हे मला तेव्हाही ठरवता आलं नव्हतं.

आजार एका महिन्यात दिसेनासा झाला आणि त्यापुढची दोन-सव्वादोन वर्षं आम्ही औषधांचीच शुश्रूषा केली, असं मी लोकांना सांगतो तेव्हा त्यांना ते चमकदार वाक्य वाटतं. ते शब्दशः खरं आहे. व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीपासून निघतं. हे कळलं त्या दिवशी लेक जाम खूश झाली होती, फुलाचं औषध म्हणून. त्या फुलाने तिचा जबडा दुखायला लागला, पोट आठवडाभर बंद राहिलं, आणि पावलं अशी लोंबायला लागली की फरशीवर तिच्या चालण्याचा फटक-फटक आवाज यायचा. अजूनही कुणी सैल सपाता घालून चाललं की मी मान वळवतो. हेच औषध चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर माणूस सहसा वाचत नाही. म्हणून ते पाठीतल्या इंजेक्शनांच्या जवळपास येऊ द्यायचं नाही, सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्यायचं, आणि दोन सिस्टरांनी लेबल मोठ्याने वाचायचं. नाव, जन्मतारीख, औषध, डोस, फक्त शिरेतून. लेक तिसऱ्या महिन्यापासून त्यांच्या सुरात सूर मिसळायला लागली. "फक्त शिरेतून" हे ती जोरात म्हणायची.

लाल औषध असायचं, ज्याने लघवी लाल व्हायची आणि ज्याचा आयुष्यभराचा एकूण आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, कारण त्याची नोंद हृदय ठेवतं. स्टेरॉइड होतं. त्या आठवड्यांत चेहरा चंद्रासारखा गोल, रात्री दोनला भूक, आणि संताप असा की ती मला ओरबाडायची. मग मध्यरात्री उठून अंधारात म्हणायची, "मी नव्हते रे, गोळी होती." मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस असायचा तेव्हा चोवीस तास ते अंगात सोडायचं आणि मग ठरल्या तासाला उतारा सुरू करायचा. डॉक्टर त्याला ल्युकोव्होरिन म्हणतात, आम्ही उताराच म्हणायचो. उताऱ्याला उशीर झाला तर तोंडापासून आतड्यापर्यंत सगळं सोलून निघतं. लघवीत कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा, सातच्या वर आहे ना, नाहीतर औषध मूत्रपिंडातच बसेल. रक्तातली पातळी खाली आल्याशिवाय घरी सोडत नसत. सगळं करूनही एकदा तिचं तोंड आलंच. पाच दिवस तिने थुंकीसुद्धा गिळली नाही, वाटीत सोडत राहिली, आणि बोलणं नको म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. त्यातली एक, कानाची पाळी दोनदा ओढणं म्हणजे "लाइट बंद कर", ती अजून वापरते.

शेजारच्या पलंगावर थॅलेसेमियाचा एक मुलगा तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला यायचा. त्याला कॅन्सर नव्हता, तरी त्याचीही गोष्ट तीच. रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते साठतं हृदयात आणि यकृतात. ते काढायला औषध, आणि त्या औषधाने कानाडोळ्यांना काही होत नाही ना हे बघायला दरवर्षी तपासणी. त्याची आई म्हणाली होती, "आमच्याकडे प्रत्येक औषधाला एक राखणदार लागतो." पलीकडच्या खोलीत भावाचा बोन मॅरो मिळालेली एक मोठी मुलगी होती. सख्ख्या भावंडाशी जुळायची शक्यता चारात एक, तिला ती लागली होती. आता भावाच्या पेशी तिच्या कातडीला परकं समजत होत्या, तळहात लालभडक झाले होते. आणि तिचे डॉक्टर म्हणत की हे थोडंसं झालेलं चालतं, त्या पेशी जागरूक आहेत, आजाराच्या उरल्यासुरल्या पेशींनाही सोडणार नाहीत. थोडंसं म्हणजे किती, हे मात्र तिचे तळहात ठरवत होते.

एक मुलगा गेला. त्याच्या बोन मॅरोत आजाराचा मागमूस नव्हता. फुप्फुसात बुरशी झाली.

त्यानंतर वॉर्डातल्या आम्हा सगळ्यांच्या जिभेवर एकच शब्द असायचा, काउंट. काउंट किती, काउंट पडले का, काउंट चढले का. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिलची टक्केवारी, ते गणित मी लिफ्टमध्ये उभ्याउभ्या तोंडी करायचो. पाचशेच्या खाली गेलं की घर म्हणजे काचेचं भांडं. आणि यात एक वाकडी गोष्ट आहे, जी कळायला मला वेळ लागला. जंतुसंसर्ग झाला की जागा लाल होते, सुजते, पू धरतो, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं. पण पू धरायलासुद्धा पांढऱ्या पेशी लागतात. त्याच नसतील तर जखम कोरडी दिसते, घसा स्वच्छ दिसतो, छातीचा फोटो साफ येतो. मूल खेळतसुद्धा असतं. बाहेर बातमी येते ती फक्त तापाची. म्हणून १००.४च्या वर गेलं की निघायचं, रात्र असो की पहाट. आधी पॅरासिटामॉल द्यायचं नाही, ते बातमीच दाबतं. दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेत गेलं पाहिजे, निदान नंतर. हे सगळं आम्हाला पाठ होतं. फ्रिजवर लावलेलं होतं.

तर ती रात्र. डिलेड इंटेन्सिफिकेशनचा, म्हणजे औषधांचा मारा पुन्हा वाढवायच्या टप्प्याचा, उत्तरार्ध चालू होता, काउंट १२०. तिची आई तीन रात्रींच्या जागरणानंतर आतल्या खोलीत झोपली होती. पाणी द्यायला लेकीला उठवलं तर अंग कोमट लागलं. कोमटच, गरम नाही. थर्मामीटर लावला, १०१.१. भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस.

आम्ही दवाखान्यातून दोनच दिवसांपूर्वी घरी आलो होतो. तिने त्या दोन दिवसांत तिच्या बाहुल्यांची शाळा मांडली होती, सगळ्यांना रुमालाचे मास्क लावून, आणि "उद्या परीक्षा आहे" असं त्यांना सांगून झोपली होती. मला ती परीक्षा व्हायला हवी होती. यापेक्षा चांगलं कारण माझ्याजवळ तेव्हाही नव्हतं, आजही नाही. मी जाड पांघरूण काढलं. पंखा लावला. दहा मिनिटांनी लावला, १००.७. तिला बसतं केलं, पाणी दिलं, उगाच गोष्ट सांगितली. मग काख पुसून पुन्हा लावला. १००.२. किती हलकं वाटलं काय सांगू! मी जिंकलोच होतो जवळजवळ. आणि मग तिचे दात वाजायला लागले.

साडेबारा वाजले होते.

वॉर्डला फोन लावला. हात मोकळे हवेत म्हणून स्पीकरवर. सिस्टर म्हणाल्या, ताप किती? मी म्हटलं, शंभर पॉइंट दोन, पण थंडी वाजतेय. एक क्षण शांतता. "किती वेळा लावलात, बाबा?" त्या वॉर्डात आम्हा सगळ्या बापांना बाबाच म्हणत. मी खरं सांगितलं, तीनदा. "पहिला किती होता?" तेही सांगितलं. "मग तिसरा कशाला सांगताय मला? पहिला आकडाच खरा धरायचा. निघा तुम्ही, मी बेड बघते." आवाजात राग नव्हता. कामाचा आवाज होता. पण कधी लावलात, हे त्यांनी विचारलं नाही.

ते विचारलं पोचल्यावर, कॅज्युअल्टीमधल्या तरुण डॉक्टरने, केस पेपरवर पेन टेकवून. ताप कधी आला? तिची आई तिच्या पायांवर हात ठेवून उभी होती. मी म्हटलं, साडेबारा. त्याने लिहिलं. लेक स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघत होती.

पोर्ट, म्हणजे औषधं द्यायला छातीत कातडीखाली बसवलेली डबी-नळी, फ्लश केला तशी हुडहुडी वाढली, रक्तदाब घसरला, सलाईनवर सलाईन लावलं, आणि पहाटे चारला आम्ही आयसीयूच्या बाहेर होतो. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडले. अकरा दिवस. बाहुल्यांची परीक्षा झाली नाही. बाराव्या दिवशी ती घरी आली आणि काउंट चढायला लागले. नंतर कधीतरी मी मॅडमना आडून विचारलं होतं, तासभर इकडेतिकडे झालं तर फरक पडतो का? त्या म्हणाल्या, "पडतो. नेहमी नाही, पण पडतो. का?" मी म्हटलं, सहज.

मग मेंटेनन्स. दीड वर्ष रोज संध्याकाळी मर्कॅप्टोप्युरिन. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी बनवलेलं हे औषध १९५३पासून वापरात आहे. पहिल्या आठवड्यात तिला दिलेली युरिक ॲसिडची गोळी, ॲलोप्युरिनॉल, तीही त्यांचीच. त्या दोघी एकत्र घ्यायच्या झाल्या तर मर्कॅप्टोप्युरिनचा डोस एकदम कमी करावा लागतो, नाहीतर बोन मॅरो झोपतो. घराण्यातल्या सुना जशा. हातमोजे घालून, छोट्या कटरमध्ये गोळी मधोमध बसवून, अर्धी करायची; सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवार अर्धी; आणि आठवड्यातून एकच दिवस मेथोट्रेक्सेट, जे चुकून रोज दिलं तर जिवावर बेततं. इथे काउंटचा हिशोबही उलटा. फार खाली नकोत, पण फार चांगलेही नकोत. काउंट छान आले की मॅडम कपाळाला आठी घालून डोस वाढवायच्या. नातेवाइकांना हे कधीच समजावून सांगता आलं नाही.

त्या सगळ्या काळात मी थर्मामीटर असंख्य वेळा लावला आणि वहीत एकदाही वेळ खोटी लिहिली नाही. त्याने आधीचं काही भरून येत नाही. तिच्या आईला मी हे आजवर सांगितलेलं नाही. तापाच्या रात्री ती झोपली होती याचं तिला अजून वाईट वाटतं, दोन-तीनदा बोललीही आहे, आणि प्रत्येक वेळी मी तिची समजूत घातली आहे. हे वाचायच्या आत तिला सांगायला हवं.

काल फॉलोअप होता. आता सहा महिन्यांनी एकदा जावं लागतं. पोर्ट केव्हाच काढला, कॉलरबोनखाली त्याचा बोटभर व्रण उरलाय. वजन, उंची, रक्त, या वेळी हृदयाचा एकोही. मॅडमनी चाळणी घातल्यासारखे तेच ते प्रश्न विचारले. चालताना थकतेस? हाडं दुखतात? मधल्या काळात ताप? मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "आला होता एकदा. एकशे एक पॉइंट दोन. पाच वाजून वीस मिनिटांनी."

मॅडम हसल्या. "वेळसुद्धा? अगं, आता इतकं नाही लिहून ठेवायचं."

"असू दे," ती म्हणाली, आणि बुटाच्या टोकाने टेबलाचा पाय हलके हलके ढोसत राहिली. माझ्याकडे बघितलं नाही.

मॅडमनी "ताप, एकदा" एवढंच लिहिलं. फाइल जाडजूड आहे, कोपरे पिंजारलेले, मध्ये कुठेतरी पिवळ्या कागदांचा गठ्ठा आहे तो त्या अकरा दिवसांचा. त्यांनी ती मिटायला घेतली तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, एक मिनिट. त्या आयसीयूच्या वेळचा केस पेपर आहे ना, त्याचं पहिलं पान जरा काढता?"